कुत्रा कोणाचा?

२०२२ साली लक्ष्मीपूजन २४ ऑक्टोबरला होतं. त्याच्या चार दिवस आधी, २० तारखेला, मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने भटक्या कुत्र्यांबद्दल एक आदेश दिला. न्या. सुनील शुक्रे आणि न्या. अनिल पानसरे यांचं म्हणणं थोडक्यात असं होतं: रस्त्यावरच्या कुत्र्यांना खाऊ घालायचं असेल, तर त्यांना रीतसर दत्तक घ्या, महापालिकेत नोंद करा, घरी न्या किंवा निवाऱ्यात ठेवा आणि त्यांचा सगळा खर्च उचला. सार्वजनिक जागी खाऊ घालायचं नाही. घातलं तर दोनशे रुपयांपर्यंत दंड. नागपुरात रोज पातेली भरभरून बिर्याणी शिजवून कुत्र्यांना वाढणारी माणसं आहेत, आणि त्याच गल्ल्यांत संध्याकाळी मुलांना खाली खेळायला पाठवायला घाबरणाऱ्या आयाही आहेत. त्यामुळे त्या दिवाळीत फराळाच्या ताटाभोवती याच विषयावर वाद रंगले. १६ नोव्हेंबरला सर्वोच्च न्यायालयाने दत्तक घेण्याच्या सक्तीला आणि दंडाला स्थगिती दिली आणि खाऊ घालण्यासाठी ठरावीक जागा नेमून द्यायला महापालिकेला सांगितलं.

सक्ती गेली ते बरंच झालं. सक्तीने घरात आणलेल्या जनावराचे हालच होतात. पण त्या आदेशातला एक विचार माझ्या मनातून जात नाही. जीव लावायचा असेल तर त्याची जबाबदारी पूर्ण घ्या, अर्धी नको. रस्त्यावरच्या कुत्र्याला बिस्किट टाकणाऱ्यापुढे न्यायालयाने ठेवलेला हा प्रश्न, ज्या घरात एखादं मूल 'आपण कुत्रा आणू ना' म्हणून हट्ट धरून बसलं आहे, त्या प्रत्येक घराला लागू होतो.

माझ्या धाकट्या बहिणीच्या घरी सध्या हेच चाललं आहे. नागपुरातल्या मनीषनगरात तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, नोकरी करणारे नवरा-बायको, सासूबाई आणि नऊ वर्षांचा मुलगा. 'मावशी, तू सांग ना आईला, तुझं ऐकते ती,' असा त्याचा मला फोन. बहिणीचं म्हणणं, 'ताई, तूच चौकशी कर आणि काय ते सांग, मला तर हो म्हणायची भीती वाटते आणि नाही म्हणवत नाही.' या लेखाची सुरुवात त्या चौकशीतून झाली.

सेमिनरी हिल्सवर नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९५८ पासूनचं. आता ते महाराष्ट्र पशू व मत्स्य विज्ञान विद्यापीठाचा भाग आहे, आणि त्या विद्यापीठाचं मुख्यालयही नागपुरातच. शहराच्या सगळ्या भागांतून माणसं आपापली जनावरं घेऊन तिथल्या दवाखान्यात येतात. कुत्रा घ्यायचा विचार असलेल्या प्रत्येक घराने एखादी सकाळ तिथे काढावी, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. साखळी कोणाच्या हातात आहे, तेवढंच पाहावं. आठवड्यातल्या साध्या दिवशी मुलं शाळेत असतात. साखळी आईच्या हातात असते, नाहीतर निवृत्त आजोबांच्या. कुत्रा कधी आणला, असं विचारलं की उत्तराची सुरुवात बहुतेक वेळा सारखीच होते: 'आमच्या मुलासाठी घेतला होता.' आणि पुढे कळतं, की तो मुलगा आता पुण्याला असतो.

नागपूरच्या मध्यमवर्गीय घरात हा हिशेब फार साधा आहे, आणि तरीही तो कोणी करत नाही. कुत्रा साधारण दहा ते तेरा वर्षं जगतो. मूल नऊ वर्षांचं असताना पिल्लू आणलं, तर तो म्हातारा होईल तेव्हा मूल विशीच्या पुढे गेलेलं असेल. मधल्या काळात दहावी येते, मग बारावी, जेईई किंवा नीटचे क्लास, आणि त्यानंतर पुणं, हैदराबाद, बंगळूर. इथल्या किती घरांतली मुलं अठराव्या वर्षी बाहेर पडली ते आपल्या आसपास मोजून बघा. कुत्रा मात्र कुठे जात नाही. त्याच्या आयुष्याची शेवटची वर्षं, म्हणजे दुखण्याची, औषधांची, उचलून जिन्यावरून खाली नेण्याची वर्षं, तो पन्नाशीतल्या आईवडिलांबरोबर काढतो. मुलासाठी म्हणून आणलेला कुत्रा शेवटी आईवडिलांचा होतो. तेव्हा 'तू त्याचं सगळं करशील ना?' हा जो प्रश्न आपण मुलाला विचारतो, तो चुकीच्या माणसाला विचारलेला असतो. नऊ वर्षांचं मूल 'हो' म्हणणारच, आणि ते मनापासून म्हणतं. ते खोटं बोलत नसतं. पण बारा वर्षांचं वचन देण्याचं त्याचं वय नसतं. हा प्रश्न घरातल्या मोठ्या माणसांनी एकमेकांना, मुलाच्या मागे, विचारायला हवा.

तो विचारताना नागपूरचा उन्हाळा डोळ्यांसमोर ठेवावा लागतो. २०१३ च्या मे महिन्यात इथे पारा ४७.९ अंशांवर गेला होता, आणि ४५ च्या आसपास तर इथे नेहमीचंच. मे अखेरीस नवतपा लागला की सकाळी आठला रस्ता तापतो. डांबरावर आपण चपला घालून चालतो, कुत्रा उघड्या पायांनी. त्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, जीभ बाहेर काढून धापा टाकणं हाच त्याचा अंग थंड करण्याचा मुख्य मार्ग. म्हणून उन्हाळ्यात त्याला फिरवायचं ते सकाळी सहाच्या आत आणि रात्री रस्ता निवल्यावर, रोज. दुपारी घरात कोणी नसलं तरी कूलर चालू ठेवायचा, त्यात पाणी भरायचं, आणि वीज गेली तर काय करायचं तेही ठरवून ठेवायचं. गोचिडांचं दुखणंही मोठं. गोचीड ताप कुत्र्याला बघता बघता खंगवतो. म्हणून कानांच्या मागे, बोटांच्या बेचक्यांत रोज हात फिरवून पाहावं लागतं.

एवढं कळलं की कोणता कुत्रा आणायचा नाही, ते आपोआप ठरतं. २००३ साली हच या मोबाइल कंपनीची जाहिरात टीव्हीवर आली. एक लहान मुलगा जाईल तिथे त्याच्या मागे मागे जाणारा एक चपट्या नाकाचा पग. चित्रीकरण गोव्याचं, कुत्र्याचं नाव चीका. त्या जाहिरातीने देशभर घराघरांतून पगची मागणी सुरू झाली, आणि बहुतेक ठिकाणी ती मुलांनी केली होती. पगचं नाक आखूड, श्वासमार्ग अरुंद. धापा टाकून अंग थंड करणं हेच ज्याला नीट जमत नाही, तो जीव विदर्भाच्या मे महिन्यात काय भोगत असेल, याची कल्पना करा. ही भुरळ काही आपल्यालाच पडते असं नाही. २०१४ साली अमेरिका आणि ब्रिटनमधल्या संशोधकांनी कुत्री असलेल्या जुन्या-नव्या चित्रपटांचा आणि कुत्र्यांच्या नोंदणीचा मेळ घालून पाहिला, तेव्हा गाजलेल्या चित्रपटानंतर त्या जातीची मागणी वाढते आणि हा परिणाम कधीकधी दहा वर्षांपर्यंत टिकतो, असं दिसलं. आता पगची जागा हस्कीने घेतली आहे. सायबेरियाच्या बर्फात गाडी ओढण्यासाठी घडलेलं, दुहेरी केसांचं ते जनावर वर्धा रोडवरच्या फ्लॅटमध्ये एसीच्या भरवशावर वाढवणं मला क्रूरपणा वाटतो. मूल निळ्या डोळ्यांना भुललं तर तो त्याचा दोष नाही. मोठ्यांनी तिथे ठाम नाही म्हणावं.

मग कुठून आणायचा? माझं उत्तर पक्षपाती आहे. गावठी आणावा. त्याची कातडी, केस, नाक, पोट हे सगळं याच उन्हातान्हात पिढ्यान्‌पिढ्या घडलेलं आहे. २०१९ च्या पशुगणनेत महाराष्ट्रात सुमारे पावणेतेरा लाख भटकी कुत्री मोजली गेली. आपल्याकडे रस्त्यावरच्या कुत्र्यांची पिल्लं मुख्यतः थंडीत जन्मतात, म्हणजे दिवाळीच्या सुमारास किंवा त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत तुमच्या गल्लीतही एखादी कुत्री व्यालेली असेल. कोलकात्याच्या आयसर संस्थेतल्या संशोधकांनी अशा ९५ वेतांमधल्या ३६४ पिल्लांवर लक्ष ठेवलं. वयात येईपर्यंत जेमतेम १९ टक्के पिल्लं जगली, आणि मेलेल्यांपैकी बहुतेकांच्या मरणामागे या ना त्या प्रकारे माणूसच होता. हा आकडा वाचल्यापासून कोपऱ्यावरच्या पिल्लांकडे मला सहज पाहता येत नाही. कायदाही आता या बाजूने आहे. २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं आहे, की प्राणिप्रेमी नागरिक भटकं कुत्रं दत्तक घेण्यासाठी पालिकेकडे अर्ज करू शकतात. मात्र ते पुन्हा रस्त्यावर येणार नाही, ही जबाबदारी घेणाऱ्याची.

दोन गोष्टी मात्र पाळायलाच हव्यात. पिल्लू दोन महिन्यांचं होईपर्यंत आईपासून तोडायचं नाही. आई आणि भावंडांबरोबर खेळतानाच ते किती जोरात चावायचं ते शिकतं, आणि ज्या घरात लहान मूल आहे तिथे हे शिकलेलं पिल्लूच हवं. विकत घेणाऱ्यांसाठीही २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकायला बंदी आहे. कोणी पाच आठवड्यांचं पिल्लू हातात ठेवत असेल, तर तिथून उठून यावं. दुसरं म्हणजे दिवाळीत पिल्लू आणू नये. मूल सुट्टीत घरी असतं, म्हणून पाडव्याला भेट द्यावी असं अनेकांना वाटतं. पण नव्या घरातले पहिले चार दिवस लक्ष्मी बॉम्बच्या आवाजात काढलेलं पिल्लू जन्मभर आवाजाला भिणारं होऊ शकतं. शिवाय घरभर फराळ. बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक, चॉकलेट विषारी, कांदा-लसूणही वाईट. तेव्हा सावजी रस्सा आणि त्यातली शिजलेली, तुटून टोकदार होणारी हाडं प्रेमानेसुद्धा द्यायची नाहीत. पाहुण्यांच्या गर्दीत हे सांभाळायला कोणाला सवड असते?

आता भीतीबद्दल. ज्या आईला कुत्रा नको असतो तिला आपण चटकन 'भित्री' म्हणतो, आणि ते मला अन्यायाचं वाटतं. डिसेंबर २०२२ मध्ये नागपूर जिल्ह्यात काटोलला सकाळी बहिणीबरोबर बाहेर पडलेल्या पाच वर्षांच्या मुलाचा कुत्र्यांच्या टोळक्याने जीव घेतला. पुढच्या एप्रिलमध्ये नागपुरातच वाठोड्याला तीन वर्षांच्या मुलावर कुत्री तुटून पडली आणि आईने धावत येऊन त्याला ओढून सोडवलं. ते कॅमेऱ्यात टिपलं गेलं आणि सगळ्या शहराने पाहिलं. ज्या बाईने ते पाहिलं आहे, तिची भीती खरी आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार रेबीजने जगात दरवर्षी सुमारे ५९ हजार माणसं दगावतात, त्यांतली एक तृतीयांशाहून जास्त भारतात. रेबीजचा संशय असलेल्या प्राण्याने चावलेल्यांपैकी ४० टक्के पंधरा वर्षांच्या आतली मुलं असतात. लुई पाश्चरने ६ जुलै १८८५ रोजी ज्याला रेबीजची लस पहिल्यांदा टोचली, तो जोसेफ माइस्टरही नऊ वर्षांचाच होता. म्हणजे या रोगाला हरवणारी लस सव्वाशेहून अधिक वर्षांपासून माणसाच्या हातात आहे, आणि तरीही मुलं मरतात, कारण जखम धुतली जात नाही, चावल्याचं घरी सांगितलं जात नाही, सुया अर्धवट सोडल्या जातात.

म्हणून कुत्रा आणा अथवा आणू नका, प्रत्येक मुलाला हे शिकवायलाच हवं: चावलं, ओरबाडलं, जखमेवर चाटलं, तर लगेच घरी सांगायचं, कोणी रागावणार नाही. वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायचं. हळद, चुना, तिखट काही लावायचं नाही. मग तडक मेडिकल किंवा मेयोसारखं सरकारी रुग्णालय, नाहीतर जवळचा दवाखाना, आणि लशीच्या तारखा एकही न चुकवता पूर्ण करायच्या. पाळलेल्या कुत्र्याला तिसऱ्या महिन्यात रेबीजची लस आणि पुढे डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. 'आमचा घरातलाच आहे, त्याला कशाला' हे वाक्य कोणत्याही घरात ऐकू येता कामा नये.

आणि घरातलाही चावतो. जगभरचा अनुभव असा, की लहान मुलांना चावणारा कुत्रा बहुतेकदा ओळखीचा, पुष्कळदा घरचाच असतो. मूल त्याच्या गळ्यात पडतं, तो जेवताना ताटलीला हात लावतं, झोपलेला असताना अंगावर लोळतं. कुत्रा आधी सांगत असतो. तो मान फिरवतो, ओठ चाटतो, झोप नसताना जांभई देतो, डोळ्याच्या कडेचा पांढरा भाग दिसायला लागतो, अंग ताठ होतं. शेपूट हलली म्हणजे खूश, एवढंच आपल्याला ठाऊक असतं, आणि तेही नेहमी खरं नसतं. इंग्लंडमधल्या लिंकन विद्यापीठातल्या अभ्यासात लहान मुलं दात विचकलेल्या कुत्र्याला 'हसतोय' म्हणत होती. सहा वर्षांच्या आतलं मूल आणि कुत्रा यांना एका खोलीत एकटं सोडू नये, कुत्रा कितीही गरीब असला तरी. आणि गुरगुरल्याबद्दल कुत्र्याला मारू नये. गुरगुरणं ही सूचना आहे. ती बंद केली की तो सूचना न देता चावायला शिकतो.

एवढं सगळं असताना आणावाच का? या प्रश्नाचं उत्तर द्यायला मला आवडतं. न्यूयॉर्कचे बालमानसशास्त्रज्ञ बोरिस लेविन्सन यांच्याकडे एक मूल उपचारासाठी वेळेच्या आधीच येऊन बसलं. त्यांचा कुत्रा जिंगल्स खोलीतच होता. मोठ्यांशी न बोलणारं ते मूल त्या कुत्र्यात रमलं, त्याच्याशी खेळता खेळता मोकळं झालं, आणि मग डॉक्टरांशीही. लेविन्सन यांनी १९६२ मध्ये यावर लिहिलं, तेव्हा व्यवसायबंधूंनी त्यांची चेष्टा केली होती. पुढे त्यातून उपचाराची एक शाखाच उभी राहिली. स्वीडनमध्ये २०१५ साली सहा लाखांहून अधिक मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. पहिल्या वर्षात घरात कुत्रा असलेल्या मुलांना शाळेच्या वयात दमा होण्याचं प्रमाण सुमारे १३ टक्के कमी दिसलं. हा फायदा तान्ह्या वयातला आहे, नऊ वर्षांच्या मुलाला तो मिळायचा नाही, आणि ज्याला आधीच कुत्र्याच्या केसांचं वावडं आहे त्याच्याबाबत तर आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. पण मुद्दा दम्याचा नाहीच. एकुलत्या एका मुलाचा दिवस आज शाळा, क्लास आणि मोबाइल यांत संपतो. त्या दिवसात कोणीतरी असं हवं, ज्याला मार्कांशी काही देणंघेणं नाही, जो दार उघडताच अंगावर येतो, आणि ज्याला आपली गरज आहे हे मुलाला कोणी न सांगता कळतं.

'कुत्रा आणला की जबाबदारी शिकेल' हे मात्र मी बहिणीला सांगितलं नाही, कारण ते मला पटत नाही. जबाबदारी शिकवण्याचं साधन म्हणून जिवंत प्राणी आणला आणि मूल चुकलं, तर शिक्षा त्या प्राण्याला होते, तहान त्याला लागते. मूल शिकतं ते मोठ्यांना करताना पाहून. थंडीत पहाटे उठून बाबा कुत्र्याला खाली नेतात, त्याने केलेली घाण कागदात उचलून आणतात, त्याच्या तापात आई रात्री दोनदा उठते, हे ज्याने दहा वर्षं पाहिलं त्याला वेगळा धडा द्यावा लागत नाही.

सोसायटीची अडचण बहिणीच्या यादीत होती. ती खरं तर अडचण नाही. भारतीय जीवजंतू कल्याण मंडळाने २०१५ मध्येच स्पष्ट केलं आहे, की बहुमताने ठराव करूनही सोसायटीला कुत्रा पाळण्यावर सरसकट बंदी घालता येत नाही, लिफ्टही नाकारता येत नाही. पण कायदा आपल्या बाजूने आहे म्हणून शेजारच्या काकूंच्या दारात कुत्र्याने घाण केलेली चालेल, असं नाही. महापालिकेत नोंदणी, लशीची कागदं, नसबंदी आणि गळ्यात पट्टा एवढं नीट ठेवलं, की निम्मे वाद उभेच राहत नाहीत. खर्चाचाही एक आकडा घरी कागदावर मांडून पाहावा: खाणं, लशी, गोचिडांची औषधं, वर्षातून एखादं मोठं दुखणं, आणि लग्नाला किंवा देवदर्शनाला गावी जायचं तर त्याला कुठे ठेवायचं त्याचे पैसे. शेवटची बाब बहुतेक जण विसरतात.

ज्या घराचं उत्तर 'नाही' येईल, त्यांनी अपराधी वाटून घेऊ नये. मुलाला कुत्र्याचा सहवास घरात आणूनच मिळतो असं नाही. पालिकेने किंवा सोसायटीने नेमलेल्या जागी रोज पाण्याचं भांडं भरणं, गल्लीतल्या लस आणि नसबंदी झालेल्या, कानाला खूण असलेल्या एखाद्या शांत कुत्रीची ओळख मोठ्यांच्या सोबतीने करून देणं, एखाद्या निवाऱ्यात रविवारी मदतीला जाणं, यांतूनही मूल प्राण्याशी नातं जोडतं. आणि वर्षभर ते टिकलं, तर घरच्यांनाही आपल्या मुलाचा हट्ट किती खोल आहे ते कळतं.

बहिणीच्या घरी सध्या एवढं झालं आहे: दिवाळीत काही आणायचं नाही, हे भाच्याने रडून का होईना मान्य केलं. हस्की कायमचा बाद. सकाळचं फिरवणं बाबांनी आपल्याकडे घेतलं आणि ते जमेल का हे पाहायला ते आत्ताच पहाटे साडेपाचला उठून एकटे फिरून येतात. खर्चाचा कागद फ्रिजवर चिकटवलेला आहे. अडलं आहे ते सासूबाईंपाशी. सकाळी दहा ते संध्याकाळी सहा घरात त्या एकट्याच असतात. 'मले गुडघ्यानं चालनं होत नाही बाप्पा, त्याच्यामागं मी कुठं पयू?' असं त्या म्हणाल्या, तेव्हा इतके दिवस त्यांना कोणी विचारलंच नव्हतं हे सगळ्यांच्या लक्षात आलं. पिल्लाऐवजी वर्ष-दोन वर्षांचा, शांत स्वभावाचा, शी-शूची सवय लागलेला गावठी कुत्रा दत्तक घेता येईल का, आणि दुपारी एकदा खाली न्यायला कोणी मिळेल का, याची चौकशी चालू आहे. तसा मिळाला तर आधी आठ-पंधरा दिवस घरी ठेवून बघायचं आणि मग सासूबाई म्हणतील तसं करायचं, असं ठरलं आहे.